पनवेल ते पेण, व्हाया पंचम

तुमच्या ग्रुपमध्येही हे भांडण असणारच. ‘गाणी म्हणजे साठचं दशक!’ ‘छे, सत्तर!’ ‘बॉस, नाइन्टीजवाल्यांना विचारा!’ आमच्या ऑफिसात हे लंच टाइमला सुरू होतं आणि चारच्या चहापर्यंत संपत नाही. शेवटी ठरलं, फैसला रस्त्यावरच करायचा. जुलैतला शनिवार, एक गाडी, चार जण, मुंबई-गोवा हायवे आणि जेवायला पेणला, नव्वदच्या घरी.

नावं कशाला सांगू? त्या दिवशी दशकं हीच आमची नावं होती. साठ दादरची, आजोबांच्या रेडिओवर वाढलेली. दोन हजार सगळ्यात लहान, तिचं जगच ‘दिल चाहता है’पासून सुरू होतं. नव्वद पेणचा, गाडी त्याच्याच हातात. आणि मी सत्तर, कट्टर पंचमभक्त. नियम एकदम सोपे. प्रत्येकाने आळीपाळीने एक गाणं लावायचं, बाकीच्या तिघांनी दहापैकी मार्क द्यायचे.

पनवेलपर्यंत तर ‘पंचम कोणाचा’ यावरच जुंपली. ‘तीसरी मंझिल’ १९६६चा, म्हणून तो आमचा, असं साठचं म्हणणं. ‘कारवाँ’ १९७१चा, ‘शोले’ १९७५चा, मग तो माझाच की! नव्वद शांतपणे गाडी चालवत होता.

पनवेल मागे पडलं आणि पावसात कर्नाळ्याचा सुळका दिसला. अंगठ्यासारखा, अर्धा ढगात बुडालेला. मी हुकमाचा पत्ता काढला, ‘जैत रे जैत’. १९७७चा जब्बार पटेलांचा सिनेमा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. मूळ कादंबरी गोनीदांची आणि तीही याच कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. बाहेर तोच डोंगर, आत तोच ढोल! काचा खाली केल्या, मस्त भिजलो. तिघांनीही दहापैकी दहा दिले.

इथेच माझ्या डोक्यात हवा गेली. नव्वदने कुमार सानू लावला आणि मी ओरडलो, ‘अरे, ते मिनिडोर म्युझिक बंद कर!’

मिनिडोर म्हणजे अलिबाग-पेणकडे धावणारी शेअर रिक्षा. ऑफिसात या जोकवर सगळे हसतात, तोही हसतो. त्या दिवशी हसला नाही. ‘मी कॉलेजला त्यातूनच जायचो,’ तो म्हणाला. ‘आणि ऑफिसात हेडफोन लावतो ना, तो तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.’

गाडीत फक्त वायपरचा आवाज.

पेणच्या अलीकडे त्याने गाडी हमरापूरला वळवली. हमरापूर आणि जोहे ही गणपतींची गावं, गल्लोगल्ली मूर्तींचे कारखाने. त्याच्या मामांच्या शेडमध्ये शिरलो तर रांगेने बसलेले बाप्पा, ओल्या रंगाचा वास आणि फळीवरच्या स्पीकरवर, अर्थात, कुमार सानू. मामा एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. केसाएवढा ब्रश, श्वास रोखलेला. डोळा पूर्ण झाल्यावर मी विचारलं, ‘मामा, रोज हीच गाणी?’

‘नवीन गाणं लागलं की कान तिकडे जातो आणि हात चुकतो,’ मामा म्हणाले. ‘ही पाठ आहेत. कानाला काम नाही, म्हणून हात चालतो.’

तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’मधलं, एका मुलीला पाहून सुचलेल्या उपमांचं. नव्वदने माझ्याकडे पाहिलं. ‘सांग, म्युझिक कोणाचं?’

पंचमचं. १९९४ सालचं. पंचम त्याच वर्षी ४ जानेवारीला गेला, सिनेमा नंतर आला. आणि आवाज? कुमार सानूचा. ओळीने पाचवं फिल्मफेअर त्याला याच गाण्याने मिळालं. घरी हे गाणं मी शंभर वेळा ऐकलंय, तेव्हा तो आवाज कधी खटकला नाही. मिनिडोरमधून आला की खटकायचा. म्हणजे लोच्या माझ्यातच होता.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पहिल्याच घासाला मी म्हटलं, ‘सॉरी यार.’

‘सॉरी नको, मार्क दे.’

दहा दिले. साठ आणि दोन हजारनेही दिले. तीस विरुद्ध तीस, टाय!

सोमवारी लंच टाइमला नव्वदचा फोन टेबलावर होता, स्पीकर ऑन. भांडण? ते चालूच आहे.

तुम्ही निघणार असाल तर…
मुंबईहून पेण साधारण ८० किलोमीटर. वाटेत कर्नाळा पक्षी अभयारण्य लागतं, पावसाळ्यात किल्ल्याची वाट निसरडी असते, जपून. हमरापूरला गणपतीच्या आधीचे महिने बेस्ट, पण कारागीर घाईत असतात, फोटो विचारूनच काढा. येताना पेणचे पोह्याचे पापड मस्ट!