बाणाचं वजन

धनुष्यबाणाने हरीण मारणारी माणसं मला क्रूर वाटायची. खरं सांगायचं तर नुसती क्रूर नाही, खालच्या दर्जाची वाटायची. विस्कॉन्सिनमध्ये राहायला आल्यापासून दर सप्टेंबरात ती दिसायला लागतात. पानापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, चिखलाने भरलेले बूट, पेट्रोल पंपावर कॉफी घेताना कुणाला कुठे हरीण दिसलं याच्या गप्पा. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे. शिकलेली माणसं असलं काही करत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. ती एकदा तपासून बघावी, असं मला कधी वाटलं नाही.

बंदुकीचं मी एक वेळ समजू शकत होते. पण बंदूक मिळत असताना मुद्दाम बाण घ्यायचा, तोही लाकडी, स्वतः घडवलेला, म्हणजे जनावराच्या जिवावर हौस भागवणं झालं. लहानपणी आजीने श्रावणबाळाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की बाण म्हटलं की मला पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज आणि त्यापाठोपाठ आलेली किंकाळीच आठवायची. दशरथाने नुसत्या आवाजावर बाण सोडला होता. सगळे धनुर्धारी मला तसेच वाटत. अंदाजाने मारणारे.

आणि मी काही शाकाहारी नाही. कोल्हापूरची आहे. रविवारी आमच्याकडे तांबडा रस्सा ठरलेला. ते बकरं कसं मेलं, किती वेळात मेलं, सुरीला धार होती का, हे मी जन्मात कुणाला विचारलं नाही. इथे तर मांस प्लॅस्टिकच्या वेष्टनात येतं, तेव्हा विचारायचं तरी कुणाला? दुसऱ्याने मारलेलं खायचं आणि स्वतःच्या हाताने मारणाऱ्याला नावं ठेवायची, हा दुटप्पीपणा मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत केला.

विषय घरात आला तो मुलामुळे. आमचे शेजारी निवृत्त सुतार आहेत. माझा मुलगा त्यांना 'आजोबा' म्हणतो आणि त्या हाकेला ते ओ देतात. शाळेतून आला की त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. लाकूडकाम शिकतोय म्हणून मी खूश होते. एका संध्याकाळी तो मूठभर पिसं घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आई, ही सगळी टर्कीच्या उजव्या पंखाची आहेत. एका बाणाला डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळून लावायची नसतात, नाहीतर बाण नीट फिरत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. जेवण तसंच गॅसवर ठेवून मी शेजारी गेले. भांडायलाच गेले होते.

आजोबा टेबलाशी वाकून काम करत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. रागावलेल्या माणसाला समोर काम चालू असलं की एकदम तोंड उघडता येत नाही, म्हणून मी बघत बसले. टेबलावर २६ इंचांच्या अंतरावर दोन खुंट्या होत्या. त्यांच्यावर हिकरी लाकडाची एक काडी आडवी ठेवून त्यांनी मध्यावर २ पाऊंडांचं वजन टांगलं आणि काडी किती वाकली ते मोजलं. २६ ला त्या मापाने भागायचं. अर्धा इंच वाकली तर ५२ येतात, म्हणजे साधारण तेवढ्या पाऊंड ओढीच्या धनुष्याला ती काडी चालते. बाण सुटताना सरळ जात नाही. दोरीच्या धक्क्याने तो वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि पुढे गेल्यावर सरळ होतो. काडी फार मऊ असली किंवा फार ताठ असली तर तो भरकटतो. पुढे जड पातं बसवायचं तर काडी आणखी ताठ लागते. हे सगळं ते मुलाला सांगावं तसं मला सांगत होते आणि मी ऐकत होते, याचाच मला राग येत होता.

मग त्यांनी एक तयार बाण छोट्या काट्यावर ठेवला. ६५० ग्रेन. आपल्या मापात ४२ ग्रॅम. दुकानात मिळणारे शिकारीचे बरेचसे बाण ४०० ग्रेनच्या आसपास असतात, असं ते म्हणाले. मला हवा असलेला धागा सापडला. मी विचारलं, "इतका जड कशाला? जास्त जोराने मारायला?" जड बाण म्हणजे ताकदीची हाव, हे मी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. टेबलाच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर खिळ्याला एक हाड टांगलेलं होतं, ते काढून माझ्या हातात दिलं.

हरणाच्या खांद्याचं हाड. त्रिकोणी, पसरट, माझ्या पंजापेक्षा जरा लांब. मध्यभागी इतकं पातळ की दिव्यासमोर धरल्यावर पलीकडचा उजेड कळत होता. एका अंगाने उंच कणा गेलेला, तो मात्र चांगला जाड. त्या कण्याच्या बुडाशी लोखंडाचं काळं टोक रुतलेलं होतं आणि त्याच्या चारही बाजूंनी हाड पुन्हा वाढून आलं होतं. मी त्यावर बोट फिरवलं. बाकी हाड गुळगुळीत होतं, तेवढ्याच जागी खरखरीत गाठ. लोखंडाला हाडाने गिळायला घेतलं होतं आणि पुरतं गिळता आलं नव्हतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले.

तरुणपणी ते हलके बाण वापरायचे. हलका बाण वेगाने जातो, लांबपर्यंत सपाट जातो, अंतर थोडं चुकलं तरी भागतं. एका ऑक्टोबरात त्यांनी असाच बाण सोडला आणि त्याच क्षणी हरणीने पाऊल टाकलं. बाण फुप्फुसावर लागायचा तो खांद्यावर लागला, हाडावर थांबला आणि मोडला. ती रात्र आणि पुढचा दिवस ते रान धुंडाळत राहिले. हरणी सापडली नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, बंदुकीच्या हंगामात, त्यांच्या एका सोबत्याने त्याच रानात एक हरणी मारली. मांस सोडवताना हे हाड निघालं. पात्याला कानशीने धार लावायची त्यांची पद्धत होती, त्यावरून टोक कुणाचं ते लगेच कळलं. हाड त्यांनी मागून घेतलं.

"तिने हे घेऊन अख्खा हिवाळा काढला," ते म्हणाले. इथला हिवाळा म्हणजे शून्याखाली वीस अंश. एवढं बोलून त्यांनी हाड परत खिळ्याला लावलं आणि पुढची काडी उचलली.

मी भिंतींकडे बघितलं. कुठे शिंगं नव्हती, मुंडकं नव्हतं, मारलेल्या जनावराशेजारी काढलेला फोटो नव्हता. एवढं एक हाड होतं, तेही अशा जागी की पिसं चिकटवताना, पात्याला धार लावताना मान वर केली की ते दिसणारच. क्रूरपणाबद्दल त्यांना चार शब्द सुनवायला मी गेले होते. त्या एका विषयावर या माणसाने किती रात्री काढल्या असतील! आणि मी? माझ्यामुळे मेलेल्या एकाही जनावराची माझ्याजवळ खूण नव्हती. माझा हात स्वच्छ होता, कारण मी तो कधी पुढेच केला नव्हता.

भांडण तिथेच राहिलं. मी पुढचे प्रश्न विचारले आणि या वेळी उत्तर ऐकायचं होतं म्हणून विचारले.

बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो. पातं वस्तऱ्यासारखं असेल आणि दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं, तर काही सेकंदांत हरणाची शुद्ध हरपते. अडचण येते ती हाड आडवं आल्यावर. एकाच धनुष्यातून जड बाण सोडला तर त्याचा वेग कमी होतो, पण वजन ज्या प्रमाणात वाढवलं त्या प्रमाणात नाही. शिवाय धनुष्याची जास्त ताकद बाणात उतरते आणि आवाज कमी होतो. एड ॲशबी नावाच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात आणि नंतरही अनेक वर्षं मारलेल्या जनावरांवर वेगवेगळे बाण तपासले. जाड हाड भेदून पुढे जायला साधारण ६५० ग्रेनचा बाण लागतो, असं त्यांना दिसलं. वजन पुढच्या टोकाकडे असावं, पातं आणि काडी मोडू नयेत, पात्याला एकाच अंगाने उतार देऊन धार लावावी म्हणजे ते आत शिरताना वळतं आणि हाड फोडतं, हेही त्यांचंच सांगणं. या सगळ्यावर शिकाऱ्यांचं एकमत नाही. नेम चांगला असेल तर हरणाला हलका बाण पुरतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आजोबांचं म्हणणं एवढंच, की नेम चांगला लागेल त्या दिवशी कुठलाही बाण चालतो, आपण बाण बनवायचा तो उरलेल्या दिवसांसाठी.

आणि जड बाण लवकर खाली येतो. म्हणून ते पंधरा-वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडतच नाहीत. तेवढं जवळ हरीण बहुतेक वेळा येत नाही, आणि ते रिकाम्या हाताने घरी येतात. मी ज्याला हाव समजत होते, त्याने त्यांनी स्वतःचेच हात बांधून घेतले होते.

त्यानंतर मी वाचायला लागले. आल्डो लिओपोल्ड इथलेच, विस्कॉन्सिनचे प्राध्यापक. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये आलेलं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक निसर्गप्रेमी म्हणून माझ्या कपाटात आधीपासून होतं. लांडगे मारले की हरणं वाढतात आणि डोंगर खाऊन टाकतात, हे त्यांना तरुणपणी लांडगा मारल्यावर उमगत गेलं, ते त्यात आहे. पण ते स्वतः धनुष्य घडवत आणि त्याने शिकार करत, त्यांच्या पत्नी एस्टेला राज्यपातळीच्या तिरंदाज होत्या, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. १९७० च्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. म्हणजे ज्या जंगलात मी पक्षी बघायला जाते, त्याच्या खर्चाचा वाटा पंपावरच्या त्या माणसांनी उचललेला आहे. ही माहिती लपलेली नव्हती. ती मला नको होती.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी आजोबांचा फोन आला, विजेऱ्या घेऊन या. बाण सोडल्यावर अर्धा तास ते जागचे हलले नव्हते. पाठलाग केला तर जखमी हरीण उठून पळत राहतं. बाण मातीत रुतलेला मिळाला, आरपार गेलेला. पानांवरचं रक्त गुलाबी होतं आणि त्यात बारीक बुडबुडे होते, म्हणजे फुप्फुस. मुलगा पुढे, आजोबा मागे आणि मी मध्ये, असे आम्ही पान न् पान बघत गेलो. हरीण फार लांब गेलंच नव्हतं. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. ती गरम होती. मला रडू आलं, आणि आजोबांनी टोपी काढली. कुणी कुणाची समजूत घातली नाही. त्यांनी दिलेलं मांस मी कांदा-लसूण मसाल्यात केलं. जन्मात पहिल्यांदा मला ताटातलं जनावर कसं मेलं ते नीट माहीत होतं.

माझं सगळं मतपरिवर्तन झालं असं नाही. शिंगांसाठी मारणाऱ्यांबद्दलचं माझं मत होतं तेच आहे. आपल्या देशात कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झालं असं मला आजही वाटतं. तिथली जंगलं वेगळी, गरज वेगळी. मी स्वतः कधी बाण सोडेन का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मुलाला मात्र पुढच्या हंगामात जायचं आहे. १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना इथे परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. त्या वर्गाला मी दोघांचीही नावं घातली आहेत. आईला फोनवर अजून सांगितलेलं नाही. या रविवारी सांगणार आहे, आणि आधी त्या हाडाबद्दल सांगणार आहे.