नववा हिस्सा

गावचं घर विकायचं ठरलं की आधी गळा दाटून येतो तो शहरातल्यांचा. आमच्याकडंही तसंच झालं. राजापूर तालुक्यातलं आमचं ओटी-पडवी-माजघराचं, मागं न्हाणी आणि गोठा असलेलं घर आता द्यायचं, असं काकूनं फोनवर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर आठवणींना ऊत आला. पुण्याच्या थोरल्या चुलतभावानं पानभर मजकूर लिहिला. ओटीवरचा झोपाळा, मे महिन्यातले रायवळ आंबे, कौलांवर वाजणारा पहिला पाऊस. मस्कतच्या चुलतभावानं रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. मीही चार ओळी लिहिल्या. काकूनं मात्र काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाली, "अगो, दिवसभर लाइट नव्हती. मोबाइल बंद पडला होता."

मग मी आमच्या सगळ्यांच्या आठवणी पुन्हा वाचल्या. त्यातला प्रत्येक जण कुठंतरी बसलेला नाही तर निजलेला होता. कुणी झोपाळ्यावर, कुणी पंगतीत, कुणी माजघरातल्या गार जमिनीवर दुपारी पालथा. त्या घरात उभं राहून किंवा वाकून केलेल्या कामाची आठवण एकाच्याही मजकुरात नव्हती. ती असणार कुठून? ते सगळं काकूच्या वाट्याला होतं.

कोकणातलं जुनं घर एकदा बांधलं की झालं, असं नसतं. ते दर वर्षी थोडंथोडं पुन्हा बांधावं लागतं. चैत्र-वैशाखात माणूस वर चढवून कौलं परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. राजापूरकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा एक सरकलेलं कौल म्हणजे माजघरात रात्रभर ठेवलेलं पातेलं. अलीकडं माकडांनी उच्छाद मांडलाय. टोळी एकदा छपरावरून गेली की डझनभर कौलांचा चुरा. कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत, म्हणून वाडीतल्या निम्म्या घरांनी वरून पत्रे घातले. काकूनं घातले नाहीत, कारण आमचा ग्रूप. पत्र्याचं नाव काढल्यावर त्या वेळी सगळ्यांनीच "घराची शोभा जाईल" म्हणून हाय खाल्ली होती. शोभा राहिली. कौलं परतणारा शोधायला दर वर्षी तीन वाड्या पालथ्या घालणंही राहिलं, काकूचं.

आगोटीआधी लाकूडफाटा पडवीत रचायचा. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापा बांधायच्या, नाहीतर झडीनं माती धुऊन जाते. पाऊस सरला की अंगण खणून, पाणी घालून, चोपून सारखं करायचं आणि पोफळीचे खांब पुरून मांडव घालायचा. तोच मांडव पुढच्या पावसाआधी काढायचा. हे सगळं वर्षाचं. रोजचं आणि आठवड्याचं निराळं, आणि त्यात मुख्य सारवण.

सारवताना मी काकूला लहानपणापासून पाहिलंय, पण नीट पाहिलं ते अगदी अलीकडं. आधी जमीन झाडून पाणी शिंपडायचं. ताज्या शेणात पाणी घालून काला करायचा, फार दाट नाही, फार पातळ नाही. सुरुवात सगळ्यात आतल्या कोपऱ्यातून. उकिडवं बसून हाताच्या एका अर्धगोल फटकाऱ्यानं एक कमान काढायची, तिच्यात शिरणारी दुसरी, मग तिसरी, आणि असं मागंमागं सरत दाराशी यायचं. मध्ये थांबता येत नाही. थांबलं की तेवढाच भाग वाळतो आणि सांधा दिसतो. म्हणून अशा वेळी दारात कुणी आलं तरी काकू मान वर न करता म्हणायची, "बसा ओटीवर, आलेच." पुढं गुरं विकली, गोठा रिकामा झाला आणि शेणसुद्धा शेजारून मागून आणायची वेळ आली. आम्हाला मात्र ती जमीन कायम गार लागली. गार का राहते, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

घराची आणखी एक खोड मला काकूनंच समजावली. चूल पेटती असली की धूर वर जातो, वाशांवर काजळी धरते आणि लाकडाला कीड लागत नाही. गॅस आल्यावरही न्हाणीतला चुलवा आणि मागच्या पडवीतली चूल तिनं चालू ठेवली, ती हौस म्हणून नव्हे. वाडीतली बंद घरं ती वर्षानुवर्षं बघत आलेली. कुलूप लागलं की पहिल्या पावसाळ्यात ओल येते, दुसऱ्यात वाळवी, पुढं एक दिवस आढं बसतं. जांभ्याचे चिरे मग गवतात उभे राहतात. अशी चिऱ्यांची उघडी चौकट आमच्या वाटेवर आता जागोजाग आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कठीण होत जातो, म्हणून भिंती तेवढ्या टिकतात. छप्पर माणसाशिवाय टिकत नाही.

आणि कोकणातलं ते माणूस बहुधा बाई असते. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागं ११२२ बायका मोजल्या गेल्या. देशाचा आकडा तेव्हा ९४३ होता. पुरुष मुंबईला, आधी गिरण्यांत, मग कुठं कुठं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर काही जण परत आले आणि काही मुंबईतच दुसरं काही धरून राहिले. मनिऑर्डरी मुंबईहून यायच्या, घरं इथल्या बायका राखायच्या. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला तेव्हा वाटलं होतं, आता येणं-जाणं वाढेल. वाढलंही. पण रात्री गाडीत बसून सकाळी पोचता येऊ लागल्यावर लोक दोन दिवसांसाठी यायला लागले. एसटीच्या काळात आलेला माणूस महिनाभर तरी मुक्काम ठोकून निदान विहिरीवरून दोन हंडे आणायचा.

आमच्या घराचा अभिमान सांगताना आम्ही पणजोबांपासून सुरू करतो. त्यांनी गावठी नळ्यांची कौलं काढून मंगलोरी कौलं घातली, हा आमच्या घरचा पराक्रम. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती तांबडी, खाचेत खाच बसणारी कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्याकडं ती आणली पणजोबांनी, झोपाळा टांगला आजोबांनी, विहिरीला पंप बसवला काकांनी. प्रत्येक वस्तूला एका पुरुषाचं नाव आहे. पणजी-आजीच्या नावावर काय? लोणच्याची एक पद्धत आणि एक मोदकपात्र.

घर द्यायचं ठरल्यावर माघात सगळे एकदा चार दिवस राहून आलो. फोटो झाले. धाकट्या मुलांनी झोपाळ्यावर व्हिडिओ काढले. थोरल्या चुलतभावानं देवघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि त्याला खरोखर रडू आलं. ते खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. त्या घरावर त्याचं प्रेम आहेच. फक्त ते चारही दिवस काकू आमच्यासाठी चहा करत होती, पाणी तापवत होती, रात्री किती गाद्या लागतील ते मोजत होती. घरभर फिरून घर डोळ्यांत साठवून घ्यायला तिला वेळ झाला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "पाटा-वरवंटा रत्नागिरीला नेणार ना?" रत्नागिरीत धाकट्या मुलीच्या शेजारी तिनं ब्लॉक घेतला होता. ती हसली. "ज्याला आठवण हवी त्यानं न्यावा. आणि त्यावर वाटावंही."

काकूनं निरोप घेतला तो निराळ्या तऱ्हेनं, आणि तो मला अगदी जवळून बघायला मिळाला. घर घेणारे गृहस्थ मुंबईचे. त्यांना तिथं पाहुण्यांसाठी होमस्टे करायचा होता. त्यांना घर दाखवायला काकूच हिंडली. तिनं त्यांना झोपाळ्याची गोष्ट सांगितली नाही. उत्तरेकडच्या पाख्यावर आढ्यापासून तिसरी ओळ दर वर्षी सरकते. न्हाणीमागं पाणी साचतं, तिथला चर जूनआधी काढावा लागतो, नाहीतर भिंत ओल धरते. माजघरातला हा वासा आतून पोकळ झालाय, त्यावर भरवसा ठेवू नका. विहिरीचं पाणी मेअखेरीस तळाला जातं, तेव्हा पंप दिवसातून दोनदाच. खोलीतून खोलीत, अशी ती तासभर सांगत होती. मध्येच तिनं एका खांबावर बोटांची पेरं वाजवली, ऐकलं आणि "हा ठीक आहे" म्हणाली. गृहस्थ फोनवर टिपून घेत होते. घर तिला अक्षरशः तळहातानं ठाऊक होतं. एवढी माहिती दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून मोकळं होणं, याहून खरा निरोप मला सुचत नाही. आमच्यापैकी कुणाला ते जमलं नसतं. सोपवण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतंच.

सगळं बघून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "ओटीची आणि अंगणाची शेणाची जमीन तशीच ठेवायचीय. पाहुण्यांना फार आवडते. आठवड्यातून दोनदा सारवायला बाई लावू. इथं रोज काय पडतो हो?"

काकूनं क्षणभर विचार केला आणि आकडा सांगितला. वर म्हणाली, "शेण तिनं आणायचं असेल तर थोडं जास्त."

मी आणि थोरला चुलतभाऊ शेजारीच उभे होतो. त्या घरातल्या सारवणाची किंमत पहिल्यांदा विचारली ती एका परक्या माणसानं, आणि तीसुद्धा घर विकायचं ठरल्यावर.

कागदोपत्री हिशेब सरळ होता. आजोबांना तीन मुलगे आणि एक मुलगी. आत्यानं पूर्वीच हक्कसोडपत्र करून दिलं होतं. भावांकडं माहेर राहावं म्हणून बहिणी करतात, तसं, सही कुठं करायची एवढंच विचारून. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आला, तरी हक्कसोडपत्रांच्या सह्या काही थांबल्या नाहीत. राहिले तीन समान वाटे. काकांचा वाटा काकू आणि त्यांच्या दोन मुली यांच्यात. म्हणजे काकूचा नववा हिस्सा. जन्मानं आलेल्या माणसाला कायदा ओळखतो. लग्न करून आलेली बाई नवरा गेल्यावर वारस म्हणून कागदावर येते, त्याआधी तिनं किती पावसाळे छप्पर धरून ठेवलं याला रकाना नाही. शेतकरी संघटनेनं १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं जिवंतपणीच जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करावा म्हणून. घाटावर बऱ्याच गावांनी ते केलंही. आमच्या गावात त्याचा विषय निघाल्याचं कुणाला आठवत नाही.

खरेदीखताआधी मी ग्रूपवर लिहिलं. सगळ्या वाट्यांतून आधी काही रक्कम काकूची म्हणून बाजूला काढू, मग उरलेल्याचे तीन भाग करू. घर आज विकण्याजोगं उभं आहे ते तिच्यामुळं, चार भिंतींच्या भावात आणि चालत्या घराच्या भावात फरक असतो, आणि तो फरक तिची कमाई आहे. उत्तर यायला वेळ लागला. मग थोरल्या चुलतभावानं लिहिलं, की काकूबद्दल आदर सगळ्यांनाच आहे, पण हा व्यवहार आहे, त्यात भावना आणू नयेत. मस्कतहून त्याला अंगठा आला.

मला राग आला नाही असं नाही. पण राग ओसरल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. झोपाळा ही त्याच्या लेखी भावना नव्हती, ती घराची गोष्ट होती. काकूचं काम मात्र भावना झालं, कारण ते मोजायचं म्हटलं तर आमच्या आठवणी फुकट मिळालेल्या नव्हत्या हे कबूल करावं लागतं. त्यांचे पैसे कुणीतरी भरत होतं. घराच्या विरहावर आपल्याकडं इतकं लिहिलं जातं, त्यात घर चालवणाऱ्याचा आवाज क्वचितच का असतो, याचं उत्तरही मला इथंच सापडतं. विरह होण्यासाठी आधी लांब असावं लागतं. ती कधी लांब नव्हती.

शेवटी आमच्या वडिलांच्या तिसऱ्या वाट्यातून मी आणि माझ्या भावानं मिळून काकूच्या खात्यात वेगळे पैसे भरले. आईनंच रक्कम ठरवली, आणि आम्ही मनात धरली होती त्याहून जास्त ठरवली. मला धास्ती होती की काकू नको-नको करील, डोळ्यांत पाणी आणील, मग आम्ही समजूत घालू आणि सगळंच एकदा गोड होऊन जाईल. तिनं तसं काही केलं नाही. फोनवर रक्कम ऐकली, "हिशेब केलास ते बरं झालं" म्हणाली, आणि बँकेचा निरोप आला का बघते म्हणून फोन ठेवला. त्यातून तिनं वॉशिंग मशीन घेतलं, उरलेले पोस्टात टाकले. नव्या ब्लॉकमध्ये फरशी आहे. पुसायला बाई येते, आणि तिचा पगार काकू पहिल्या तारखेलाच देते.