उलट क्रमानें जोडावें

यंत्रदुरुस्तीच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास आढळतें : ‘सर्व भाग उलट क्रमानें जोडावेत.’ इतकें निरागस आणि इतकें खोटें वाक्य आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. उलगडतांना स्प्रिंग आपली मैत्रीण असते. तिला बाहेर यावयाचेंच असतें. जोडतांना तीच हाडवैरीण होते. आम्ही वर्गांत पंचवीस वर्षें इंग्रजी कविता उलगडून दाखवीत आलों. ‘आतां ती पुन्हां जोडून दाखवा’ असें कोणी विद्यार्थी म्हणाला नाहीं, हें आमचें भाग्य.

जत्रांतून फुगे फोडण्याचा खेळ मांडणारे एक गृहस्थ गेल्या माघांत आपली छर्‍यांची बंदूक घेऊन आमच्याकडे आले. प्राध्यापकाच्या घरीं बंदूक दुरुस्तीस यावी याचें वाचकांस नवल वाटेल. पण आमचें हें वेड आळींत सर्वांस ठाऊक आहे. बंदूक डायना कंपनीची, २७ क्रमांकाची. ही कंपनी जर्मनींतील राश्टाट गांवीं १८९० सालीं निघाली. गृहस्थांच्या वडिलांनीं ती एका बंगल्याच्या लिलावांत घेतलेली. त्यांच्या तीन बंदुकांत हीच काय ती सरळ मारणारी, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेस नऊ दिवस उरलेले. “सर, पोराची फी ह्या जत्रेवरच भरायची हाय,” एवढेंच ते बोलले.

नळी मोडून खालीं ओढली कीं आंतील दट्ट्या मागें सरतो व स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच दट्ट्या पुढें झेपावतो, त्याच्यापुढील हवा एका बारीक छिद्रांत कोंबली जाते आणि छर्रा सुटतो. ही हवा निसटूं न देणारा रखवालदार म्हणजे दट्ट्याच्या डोक्यावरचा चामड्याचा वायसर. घासलेटच्या स्टोव्हच्या पंपांत असे, त्याचाच थोरला भाऊ. तो वाळून कडक झाला होता. नवें चामडें भिजवून, वाटीसारखें दाबून वाळविलें व तेलांत मुरविलें. हें काम मुकाट्यानें झालें.

खरी कथा चापापाशीं. ह्या बंदुकींत दट्ट्याचा दांडा अडविण्यास आंकडा नाहीं. तीन पोलादी गोळ्या आहेत. एका नळकांड्याच्या तीन भोंकांत त्या बसतात, बाहेरचें दुसरें नळकांडें त्यांना आंत रेटतें आणि त्या दांड्याच्या खोबणींत रुततात. कल्पना मोठी सुबक. चाप लोण्यासारखा सुटतो. पण जोडतांना त्या गोळ्यांना जागेवर थांबण्याचें कांहींच कारण नसतें. दोन बसवाव्या, तों तिसरी पलंगाखालीं! घरांतून टॉर्च आला, त्याबरोबर आमच्या वयाविषयीं दोन शब्दही आले. यावर उपाय दाट ग्रीसचा. भोंकांत त्याचा ठिपका लावून गोळी चिकटवावी आणि श्वास रोखून नळकांडें सरकवावें.

मग स्प्रिंग. बंदूक भरलेली नसली तरी ती आंत अर्धवट दबलेलीच असते. तिला छातीच्या जोरावर रेटणारे शूर लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांतील एकाचा दांत आज खोटा आहे. आम्ही सुताराचा लांब शिकंजा लावून एकेक आटा फिरवितों आणि तिच्या मागच्या बाजूस उभे राहत नाहीं. आडव्या खिळीचीं भोकें केसभर चुकतात, तेव्हां हातोडी उचलावीशी वाटते; तिथें निमुळता पंच घालून हळूच डोलवावें. चाप व त्याची लहान स्प्रिंग यांना आधीं एका आखूड, तात्पुरत्या खिळींत अडकवून ठेवावें. खरी खीळ आंत शिरतां शिरतां तिला पलीकडे ढकलून देते. हा उपाय पुस्तकांत नव्हता. एका म्हातार्‍या लोहारानें शिकविला.

आठव्या दिवशीं परसांत दहा पावलांवरून रिकाम्या डब्याला आरपार भोंक पडलें. गृहस्थांनीं पैसे विचारले. आम्हीं घेतले नाहींत, तेव्हां मूठभर फुगे ठेवून गेले. जत्रेनंतर फी भरल्याची पावती दाखवावयास आले, ते दुसरी बंदूक खांद्यावर टाकूनच. तिच्या चापांत गोळ्या नाहींत एवढी खात्री करून घेऊन आम्हीं ती ठेवून घेतली.