घडी मोडू न देता

मज्जासंस्थेच्या स्वप्रतिरक्षा विकारांत शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर किंवा चेतातंतूंवर उलटते, आणि या विकारांच्या संशोधनात गेल्या पन्नास वर्षांत जे हाती लागले त्याचा मोठा वाटा एका चिकाटीच्या हस्तकौशल्याकडे जातो. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडासमोर मज्जासंस्थेतले प्रथिन ठेवताना त्याचा मूळचा आकार बिघडू द्यायचा नाही, एवढेच ते कौशल्य आहे. बी पेशी या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारापासून तयार होणारे प्रतिपिंड आपले लक्ष्य त्याच्या पृष्ठभागावरील चढउतारांवरून ओळखते. ते लक्ष्य कोणाचे, शत्रूचे की स्वतःचे, हे त्याला ठाऊक नसते.

ओळखीची ही रीत शरीराला एरवी तारते, पण रोगाचे बीजही तिच्यातच असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात व लगतच्या गावांत गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वृत्तपत्रांतून ‘जीबीएस’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या विकाराचे, रुग्ण एकाएकी वाढले, संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या काही वाणांच्या आवरणावरील शर्करांची साखळी आणि चेतातंतूंच्या पटलावरील जीएम-१ या शर्करायुक्त स्निग्ध रेणूची साखळी जवळजवळ एकसारखी असते, हे जपानमधील नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले होते. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड काही जणांच्या चेतातंतूंवर जाऊन बसतात आणि काही दिवसांत पायांतली शक्ती जाऊ लागते.

निसर्गात दोन आकार सारखे असल्याने घोटाळा होतो, तर प्रयोगशाळेत एकच आकार बिघडल्याने होतो, आणि त्याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण मॉग या प्रथिनाचे आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंभोवती मायलिनचे जे वेष्टन असते त्याच्या अगदी बाहेरच्या थरावर हे प्रथिन असल्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजवणाऱ्या विकारातील प्रतिपिंडांचे लक्ष्य तेच असावे, असे अनेकांना वाटत होते. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या गटाने पहिलाच झटका आलेल्या १०३ रुग्णांत मॉगविरोधी प्रतिपिंड शोधले आणि ते ज्यांच्यात आहेत त्यांना दुसरा झटका लवकर येतो असा निष्कर्ष मांडला. २००७ मध्ये ४६२ रुग्णांवर हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला तेव्हा असा कोणताही संबंध आढळला नाही. दोन्ही वेळा वापरलेल्या वेस्टर्न ब्लॉट या पद्धतीत प्रथिन डिटर्जंटमध्ये उकळून त्याची घडी उलगडली जाते आणि मग ते एका पातळ पटलावर चिकटवले जाते. उसवलेल्या स्वेटरची लोकर तीच असली तरी तिच्यात नक्षी उरत नाही. तसेच अशा मॉगमध्ये अमिनो आम्लांचा क्रम शाबूत राहिला तरी रोगकारक प्रतिपिंडाला ओळखता येईल असा आकार उरत नाही. मॉग जेव्हा जिवंत पेशीच्या पटलावर, अखंड घडीत, प्रतिपिंडासमोर आले तेव्हा चित्र पालटले आणि हे प्रतिपिंड मल्टिपल स्क्लेरोसिसपासून वेगळ्या अशा एका आजाराची खूण ठरले, ज्यात मुलांचा मेंदूदाह आणि दृष्टिचेतेचा दाह प्रामुख्याने दिसतो व ज्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच इन्सब्रुकच्या गटाने पुढे जिवंत पेशींवरील चाचणी उभी करण्यात मोलाचा वाटा उचलला, ही गोष्ट विज्ञानाच्या सचोटीबद्दल बरेच काही सांगते.

ही चाचणी ऐकायला सोपी आणि करायला अवघड आहे. मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या, ‘हेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींमध्ये हव्या त्या प्रथिनाचे जनुक घालतात, प्रथिन पटलावर उमटेपर्यंत थांबतात, मग त्यांच्यावर रुग्णाचे विरळ केलेले सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटलेला पिवळसर द्रव, सोडतात आणि धुऊन झाल्यावर मानवी प्रतिपिंडालाच चिकटणारे चमकदार रंगद्रव्य घालतात. पेशीच्या कडेभोवती चमकणारी कड दिसली तर प्रतिपिंड आहे. पण मेलेल्या पेशीही रंग शोषून चमकतात, जनुक न घातलेल्या शेजारच्या पेशी चमकत असतील तर सगळा निकाल संशयास्पद ठरतो, आणि कडेची चमक खरी की पुसट भास हे अखेर डोळ्यालाच ठरवावे लागते, म्हणून नमुना कोणाचा हे माहीत नसलेल्या दोघांनी तो स्वतंत्रपणे वाचणे हाच योग्य शिरस्ता आहे. फॉर्मालिनने स्थिर केलेल्या पेशींच्या तयार काचपट्ट्या कोणत्याही शहरात पोहोचवता येतात आणि त्यांची सोय नाकारण्याजोगी नाही, तरी स्थिर करण्याच्या क्रियेत मॉगचा आकार थोडा बदलतो आणि जिवंत पेशींची बरोबरी त्या करू शकत नाहीत. आकारातला एवढासा फरकही निर्णायक ठरतो: मानवी मॉगच्या तुलनेत उंदराच्या मॉगमध्ये बेचाळिसाव्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळे असते, आणि तेवढ्याने अनेक रुग्णांचे प्रतिपिंड त्याला ओळखेनासे होतात.

एका रेणूची घडी सांभाळणेही काही वेळा पुरत नाही, रेणूंची मांडणी सांभाळावी लागते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकणाऱ्या विकारात अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहकाविरुद्धचे प्रतिपिंड मण्यारीच्या कुळातील एका सापाच्या विषाच्या साहाय्याने मोजले जातात आणि सुमारे ८५ टक्के रुग्णांत सापडतात. उरलेल्यांपैकी काहींचे प्रतिपिंड, ग्राहक स्नायूवर असतात तसे पेशीवर दाटीने एकत्र आणले तेव्हाच, २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत दिसले. त्या रुग्णांची नोंद तोवर ‘प्रतिपिंड नाही’ अशीच होत आली होती.

बी पेशींवरील संशोधनाने या कामाला दुसरी बाजू दिली. २००८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रिटुक्सिमॅब या, बी पेशी नष्ट करणाऱ्या औषधाने मेंदूतले नवे व्रण काही आठवड्यांतच कमी झाले. प्रतिपिंड ओतणाऱ्या परिपक्व प्लाझ्मा पेशींवर या औषधाचे लक्ष्य असलेले सीडी-२० नसल्याने इतक्या लवकर प्रतिपिंड ओसरणे शक्य नव्हते, म्हणून बी पेशी प्रतिपिंडांखेरीजही, टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना चेतवून, रोग पोसत असाव्यात हे मान्य करावे लागले. आता पाठीतून काढलेल्या मेरुद्रवातली एकेक बी पेशी वेगळी करून तिचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हुबेहूब घडवता येते, आणि २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अशाच एका प्रतिपिंडावरून दाखवले की एपस्टाइन-बार विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतले ग्लायलकॅम हे प्रथिन त्याला सारखेच वाटते. सिंहगड रस्त्यावर जे जिवाणू आणि चेतातंतूंमध्ये घडले असावे, त्याच जातीची ही गफलत आहे.

निदानाची ही काटेकोरता रुग्णाच्या दृष्टीशी आणि पायांशी बांधलेली आहे. ॲक्वापोरिन-४ विरोधी प्रतिपिंडांमुळे होणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा मल्टिपल स्क्लेरोसिस समजून इंटरफेरॉन-बीटाने उपचारला गेला तर तो बळावू शकतो, आणि मॉगचा अगदी क्षीण निकाल लक्षणांशी न जुळवता स्वीकारला तर निरोगी वाटचाल असलेल्या माणसावर वर्षानुवर्षांची औषधे लादली जातात. म्हणून उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने रक्ताचा नमुना प्लाझ्मा बदलण्यापूर्वी किंवा इम्युनोग्लोब्युलिन देण्यापूर्वी घ्यावा, एनएमडीए ग्राहकाविरुद्धचा मेंदूदाह वाटत असेल तर मेरुद्रवही पाठवावा, मागणीपत्रावर लक्षणे लिहावीत. आणि प्रत्येक प्रयोगशाळेने अहवालात केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ न लिहिता पेशी जिवंत होत्या की स्थिर केलेल्या, आणि सीरम किती विरळ करूनही चमक टिकली, हे नोंदवावे.