तेलातुपाचा हिशोब

वजन वाढलं किंवा रक्त तपासणीत कोलेस्टेरॉल जास्त निघालं की पहिली कुऱ्हाड तेलातुपावर पडते. माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारे कितीतरी जण आल्या आल्या सांगतात, "मॅडम, तेल-तूप पूर्ण बंद केलंय." मग मी दिवसभराचं खाणं विचारते. सकाळी चहाबरोबर खारी, अकराला बिस्किटं, दुपारी बिनफोडणीची भाजी आणि पोट भरत नाही म्हणून दोनदा भात, संध्याकाळी पाकिटातला 'डाएट' चिवडा. कढईतलं तेल गेलं, पण खारीच्या पदरांतलं तसंच राहिलं. वर मैदा आणि साखर वाढली ती वेगळीच.

स्निग्ध पदार्थांशिवाय शरीराचं चालत नाही. पेशींची आवरणं त्यांचीच बनलेली असतात. काही मेदाम्लं शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांच्या सोबतीनेच आतड्यात नीट शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी आणि दाण्याचं कूट घालण्याची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे. तेवढ्या तेलामुळे गाजरातल्या कॅरोटीनचा शरीराला खरा उपयोग होतो. वाढत्या वयाच्या लहान मुलांना तर स्निग्धांची गरज आणखी जास्त. घरातल्या मोठ्यांच्या पथ्यापायी दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं तूप बंद करू नये.

मात्र सगळे स्निग्ध पदार्थ सारखे नसतात. तुपात जवळजवळ दोन तृतीयांश, खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तर पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त मेदाम्लं असतात. ती जास्त झाली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं. त्यांच्या जागी शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी यांची असंपृक्त तेलं आली की हृदयविकाराचा धोका कमी होतो. पण तूप काढून त्या जागी मैदा आणि साखर आणली, तर तो फायदा मिळत नाही. उलट रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढू शकते. सध्या दुसऱ्या टोकाला जाऊन चमचे चमचे तूप औषधासारखं पिण्याची टूम निघाली आहे. वरणभातावर चमचाभर साजूक तूप जरूर घ्यावं, पण ते अन्न म्हणून. त्याला औषध समजू नये.

सगळ्यांत वाईट ते ट्रान्स फॅट. वनस्पती तुपाने ते आपल्या घराघरांत आणलं. १९३७ साली आलेला डालडा पुढे लग्नाच्या पंगतींपासून बेकरीपर्यंत सगळीकडे पोचला. द्रव तेलावर हायड्रोजनची अर्धवट प्रक्रिया करून ते घट्ट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी करतं. २०२२ पासून भारतात तेलातुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. वेष्टनावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' असं दिसलं तर ती वस्तू जागेवर ठेवावी. 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दाला भुलू नये, कारण कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच.

ओमेगा-३ साठी महागड्या गोळ्यांकडे धावण्याआधी आपल्याच ताटाकडे पाहावं. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी आणि किनाऱ्यावरचे बांगडे, तारल्या हे त्याचे उत्तम स्रोत आहेत. जवस भाजून कुटूनच खावं, कारण अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो. रोजच्या स्वयंपाकात एकाच तेलाला चिकटून राहू नये. एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई अशी पाळी ठेवावी.

आता दिवाळीच्या फराळाविषयी. चकलीत मोहन जास्त झालं की ती तेलात फुटते आणि तेल पिते. तेल पुरेसं तापलेलं नसेल तरी तेच होतं. मोहन मोजून घालावं, पिठाची गोळी टाकल्यावर लगेच वर आली की तळायला सुरुवात करावी आणि कढईत गर्दी करू नये. तळलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावं. काळपट झालेलं, फेसाळणारं किंवा खवट वासाचं तेल पुन्हा कढईत घालू नये.

राहिला प्रश्न प्रमाणाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला रोज २० ते २५ ग्रॅम वरचं तेल-तूप पुरतं. म्हणजे चहाचे चार-पाच लहान चमचे. चार मोठ्या माणसांच्या घरात तेल, तूप, लोणी सगळं मिळून महिन्याला अडीच ते तीन किलो. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक असतात, पिष्टाच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे हात सैल सुटला की वजनावर लगेच परिणाम दिसतो.

या दिवाळीनंतर एक करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातलं तेल-तूप मोजून वेगळं काढा आणि फोडणीला बरणी थेट कढईवर न वाकवता चमचा वापरा. महिनाअखेरीस वाणसामानाच्या यादीशी ताळा घाला. तेलाला घाबरायचं कारण नाही, पण ते मोजल्याशिवाय वापरू नका.