टाटाला नेणारा डबा

कर्जत लोकलमधला हा डबा अंगाने लहान, बाकं मोजकीच. दारापाशी चाकाच्या खुर्चीचं चित्र. दिव्यांगांसाठी राखीव असला तरी कॅन्सरच्या रुग्णांनाही इथे जागा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार दिलेत, कॅन्सर त्यांत नाही. यादीबाहेरच्यांनाही आत घेणारा हा डबा मला मोठ्या मनाचा वाटतो.

खोपोलीहून निघायचं, लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत गाठायचं, हा त्याचा एक रस्ता. खालापूरच्या गावांतली माणसं अंधारातच स्टेशनवर आलेली असतात. पिशवीत फाईल, पाण्याची बाटली, मऊ भात. परळचं टाटा हॉस्पिटल 1941पासून उभं आहे. ‘टाटाला जायचंय’ एवढं म्हटलं की या भागात पुढचं कुणी विचारत नाही. डब्यात मात्र सगळं विचारतात. कितवी किमो? रेडिएशनचे शेक किती राहिले? जेवण जातं का? घरी जे बोलता येत नाही ते इथे परक्या माणसापाशी सहज निघतं.

बदलापूर आलं की डब्याचा जीव घुसमटतो. धडधाकट माणसं आत शिरतात, दार अडवतात. कुणी बोललंच तर खिडकीबाहेर बघतात. याचा मला मनापासून संताप येतो.

पण या डब्याची खरी ओळख पटते ती उपचार संपलेल्यांना. केस परत आलेले, चेहरा भरलेला. घरचे म्हणतात, सुटलीस बाई. साहेब म्हणतात, आता ठणठणीत! आणि किमोनंतर तळपायांना अशा मुंग्या असतात, की फलाट कुठे संपला ते पायाला कळत नाही. काखेतल्या गाठी काढलेला हात वरची कडी धरून राहिला तर सुजू शकतो. गालाचं ऑपरेशन झालेल्याचं तोंड बोटभरच उघडतं, कॅन्टीनची सुट्टी संपते तरी त्याची पहिली पोळी संपलेली नसते. थकवा तर महिनोन्महिने जात नाही. आजारी नाही आणि बरंही नाही, अशा माणसाला कामाच्या ठिकाणी खुर्ची नसते. इथे असते.

कारखान्यातला कामगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, नियमांत बसत असेल, तर कॅन्सरसाठी त्याला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. ठेकेदाराकडच्या माणसाचं नावच तिथे नीट लागलेलं नसेल, तर त्याची जागा महिनाभरात भरली जाते. मग तो दोन किमोंच्या मधल्या आठवड्यातही कामावर निघतो. अशांना हा डबा चांगला ओळखतो.

इथे कानावर पडणारं बोलणं असं असतं:

“ताई, हा अपंगांचा डबा आहे.”

“टाटाची आहे मी.” फाईल निघते. बाकावरची माणसं सरकतात.

“तपासणी आज?”

“नाही, कामावर चाललेय. अंबरनाथला, पॅकिंगला.”

“उभ्याचं काम?”

“बसून करायचं द्या म्हटलंय. सुपरवायझर म्हणाले, सोमवारी सांगतो.”

“सोमवारी परत विचार. लेखी दे.”