नानांच्या सीड्या



परवा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरून बुटांचं एक खोकं निघालं. आत सीड्या. मोजल्या तर 63 निघाल्या. चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, फेक ना, आता प्लेअर तरी कुठे आहे आपल्याकडे?" खरंय ते. पण फेकवल्या नाहीत. त्यापेक्षा हे लिहायला बसले.

आम्ही इंदूरचे. सासर रामबागेतलं, चौथी पिढी इथली. सानंदमुळे नाटकं बघायला मिळायची, पण थिएटरात मराठी सिनेमा लागणं म्हणजे नवलाचीच गोष्ट. जेल रोडवर हिंदी सीड्यांचे ढीग असत, मराठी मागितली की दुकानदार "भाभीजी, वो तो पूना-बंबई में मिलेगी" म्हणून मोकळा. त्यामुळे आमची सगळी भिस्त पुण्याच्या वन्संवर. त्या आल्या की पिशवीतून बाकरवडी आणि सीड्या निघायच्या. बाकरवडी दोन दिवसांत फस्त, सीड्या वर्षभर पुरवायच्या.

नव्या मुलांना सांगायला हवं, त्या व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा मावायचा. म्हणून एका सिनेमाच्या दोन सीड्या. मध्यंतर कुठे करायचं ते दिग्दर्शक नाही, सीडी ठरवायची. ऐन रंगात आलं की पडदा निळा, मग कोणीतरी उठून दुसरी घालायची. ओरखडा असला की माणसांच्या तोंडाचे चौकोन व्हायचे. माझे सासरे, म्हणजे नाना, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यांनी सीडीसाठी राखून ठेवला होता. मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल पुसायचं नाही. गोल पुसलं की आम्हाला बोलणी.

मग नानांना काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, ताटाशेजारचं पाण्याचं भांडं सांडायचे. खुर्ची टीव्हीजवळ सरकत सरकत अगदी दीड हातावर आली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून, आणि यांची फार टिकेल असं वाटत नाही. घरी येऊन आम्ही नानांना सांगितलं, "थेंब नियमाने घाला, फरक पडेल." पुण्याला वन्संनाही तसंच बोलायला लावलं. सगळं घर एका खोट्यात सामील.

तेव्हापासून सिनेमा बघण्याची पद्धत बदलली. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांनी आजोबांच्या शेजारी बसायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. नानांची अट एकच, मराठीत सांगायचं. शाळेत, गल्लीत सगळीकडे हिंदी बोलणारं आमचं पोर, सुरुवातीला "आजोबा, तो बाई बनून राहिलाय, साडी नेसून राहिलाय" असं अस्सल इंदुरी चालायचं. नाना हसायचे, पण टोकायचे नाहीत. म्हणायचे, "कळलं ना मला? मग झालं."

असे वर्षभर सिनेमे ऐकून माझीही काही मतं झाली. 'अशी ही बनवाबनवी' डोळे मिटून बघता येतो. अशोक सराफांच्या बोलण्याचा वेगच असा, की चेहरा आपोआप दिसतो. 'पिंजरा' नानांनी तरुणपणी पाहिलेला, गाणी लागली की चिरंजीवांना गप्प बसवायचे. 'सिंहासन' मात्र अवघड. कोण कोणाच्या गटात हे सांगता सांगता मीच चुकायची. पण शेवटी निळू फुल्यांचं ते हसणं आहे ना, ते नुसतं ऐकलं तर बघण्यापेक्षा जास्त अंगावर येतं. आणि टिपरे! वन्संनी काही भाग उतरवून आणलेले. प्रभावळकरांचे आबा बोलायला लागले की नानांना कोणी काही सांगायची गरजच नसायची.

2005च्या दिवाळीला वन्संनी 'श्वास' आणला. 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदा मराठीला सुवर्णकमळ मिळालेलं, ऑस्करला गेलेला, सगळीकडे नाव. मी मागची माहिती वाचली आणि पोटात गोळा आला. कोकणातला लहान मुलगा, डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मी सीडी गुपचूप साड्यांच्या कपाटात, खाली सारून ठेवली.

भाऊबीजेला नानांनीच विचारलं, "ताईने श्वास आणलाय म्हणे. लावत का नाही?" वन्सं बोलून गेल्या होत्या. मी म्हटलं, "सीडी खराब आहे, नाना." ते म्हणाले, "आण, मी पुसतो."

लावली. चिरंजीव सांगत होते, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यात डॉक्टरांचा आग्रह असतो, की ऑपरेशनच्या आधी मुलाला खरं सांगायचंच. आजोबांना ते जमत नाही. मग ते नातवाला दवाखान्यातून घेऊन जातात, शहर दाखवायला. चिरंजीव सांगता सांगता थांबले. नाना म्हणाले, "सांग रे, काय दाखवतोय त्याला?" पोर रडत रडत सांगत होतं.

सिनेमा संपल्यावर नानांनी मला हाक मारली. "अगं, माझं परत येणार नाही ना?"

मी काहीच बोलले नाही. मग म्हटलं, "नाही, नाना."

ते रागावले नाहीत असं नाही. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अनंत चतुर्दशीला झांकी निघाली, तेव्हा मी गेलो नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी नजर सुधारली की नीट बघू. तुम्ही सांगितलं असतंत तर गेलो असतो."

मंडळी, इंदूरच्या झांक्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. रात्रभर चालणारी ती रोषणाई, मिलवाल्यांच्या झांक्या, नाना लहानपणापासून एकही चुकवत नसत. तेव्हा थोडं तरी दिसत होतं त्यांना. आमच्या चांगुलपणाने त्यांची शेवटची झांकी गेली. पुढच्या वर्षी चिरंजीव हात धरून घेऊन गेले, पण तोवर नुसता उजेड कळत होता.

त्या दिवाळीनंतर मात्र नानांनी यादी केली. नातवाला घेऊन राजवाडा बघून आले, सातही मजले खाली उभं राहून मोजले म्हणे. छत्रीबाग झाली. रात्री सराफ्यात जाऊन जिलबी तळताना बघितली, खाल्ली नाही, मधुमेह होता. रोज थोडं थोडं.

'श्वास' चांगला सिनेमा आहे की नाही, यावर लोक काय काय बोलतात. संथ आहे म्हणतात. असेल. आमच्या घरात जे कोणाला बोलवत नव्हतं, ते त्या दोन सीड्यांनी बोलून टाकलं, एवढं मला माहीत आहे.

नाना 2013 साली गेले. चिरंजीव आता बेंगळुरूला असतात. ऑफिसात दिवसभर इंग्रजी, पण माझ्याशी फोनवर मराठीच बोलतात, अजून "करून राहिलोय" म्हणतात. मीही टोकत नाही.

खोकं परत माळ्यावर ठेवलंय. धोतराचा तुकडाही आतच होता.

तुमच्याकडे आहेत का अशा सीड्या? आणि घरात कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर सांगून टाका.